विल्मा रुडॉल्फ : टाळ्यांनंतरची गोष्ट

विल्मा रुडॉल्फची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. शाळेत प्रार्थनेनंतर, वक्तृत्व स्पर्धेत, कुणा पाहुण्याच्या भाषणात. पोलिओ झालेली एक गरीब मुलगी, डॉक्टर सांगतात की ही चालणार नाही, आई म्हणते चालेल, आणि एक दिवस ती ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकते. इथे टाळ्या पडतात आणि वक्ता खाली बसतो.

गोष्ट खरी आहे. पण पाच मिनिटांत बसवायची म्हणून तिची फक्त दोन टोकं धरतात, पायातला कॅलिपर आणि गळ्यातली पदकं. मधली वर्षं जातात, आणि पदकांनंतरची चौतीस वर्षं तर पूर्णच जातात. मी या बाईबद्दल वाचायला घेतलं तेव्हा मला तिची शर्यतीबाहेरची धावपळच जास्त थक्क करून गेली. म्हणून हा लेख.

विल्माचा जन्म २३ जून १९४० चा, अमेरिकेच्या टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल गावाशेजारी. दिवस भरायच्या आधीच जन्मली, वजन जेमतेम दोन किलो. वडील एड यांची दोन लग्नं झाली होती आणि दोन्ही मिळून बावीस मुलं. त्यांत विल्मा विसावी. वडील रेल्वेत हमाली करायचे आणि मिळेल ते इतर काम. आई ब्लांश गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणीभांडी करायची. लहानपणी विल्माला न्यूमोनिया झाला, स्कार्लेट फीव्हर झाला आणि मग पोलिओ. डावा पाय गेला.

आता भाषणात न येणारी पहिली गोष्ट. क्लार्क्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांसाठी उपचारांची सोय जवळपास नव्हतीच. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कायद्यानेच गोरे आणि काळे वेगळे होते. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बसमधली बाकं वेगळी. काळ्या मुलीला नीट तपासणारं ठिकाण म्हणजे नॅशव्हिलचं मेहारी मेडिकल कॉलेज, गावापासून पन्नास मैलांवर. पन्नास मैल म्हणजे साधारण बेळगाव ते धारवाड. ब्लांशबाई दर आठवड्याला कामाला सुट्टी टाकून, मुलीला घेऊन, बसच्या मागच्या बाकांवर बसून तिकडे जायच्या. साधारण दोन वर्षं हे चाललं. तिथे पायाला मालिश कसं करायचं ते त्यांनी शिकून घेतलं आणि घरी मोठ्या मुलांना शिकवलं. मग घरातच पाळ्या लागल्या, दिवसातून चार वेळा विल्माचा पाय चोळायचा. बावीस मुलांच्या घराचा हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

आजोळी खानापूरकडे आमच्या गल्लीत एक मामा होते, लहानपणी पोलिओ झालेले. त्यांच्या कॅलिपरचा आवाज आधी यायचा आणि मग मामा दिसायचे. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि वर जड बूट. विल्मा हे सगळं बांधून शाळेत जायची आणि मुलं चिडवायची. साधारण साडेनऊ वर्षांची असताना एका रविवारी तिने पट्ट्या न लावता चर्चमध्ये पाऊल टाकलं. रुडॉल्फ कुटुंब बॅप्टिस्ट होतं, चर्च म्हणजे त्यांचं सगळं जग. भर मंडळीसमोर ही मुलगी पट्ट्यांशिवाय चालत आत आली, ही त्या दिवसाची बातमीच असणार. बारा वर्षांची होईपर्यंत पट्ट्या आणि खास बूट, दोन्हींचं काम संपलं होतं.

मग बास्केटबॉल. बर्ट हायस्कूल ही काळ्या मुलांची शाळा. तिथले प्रशिक्षक क्लिंटन ग्रे यांनी तिचं नाव ठेवलं स्कीटर, म्हणजे डास, कारण ती सतत आजूबाजूला भुणभुणत असायची. दहावीच्या वर्षी तिने एका हंगामात ८०३ गुण काढले आणि तो राज्याचा विक्रम ठरला. अशाच एका सामन्यात पंच म्हणून आलेल्या एड टेंपल यांनी तिला पाहिलं. टेंपल हे नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या काळ्यांच्या विद्यापीठात मुलींच्या धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाचं नाव टायगरबेल्स.

टेंपल यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. त्यांच्याकडे पैसा नव्हता, धड मैदान नव्हतं, होता तो अर्धवट मातीचा ट्रॅक. मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हती, त्या विद्यापीठात रोज काम करून फी भागवायच्या. शर्यतीला जायचं तर टेंपल स्वतः गाडी चालवायचे आणि डबे बरोबर घ्यायचे, कारण वाटेतल्या हॉटेलांत या मुलींना कुणी बसू देत नसे. शिस्त मात्र कडक. विल्मा एकदा सरावाला अर्धा तास उशिरा आली तर त्यांनी तिला तीस फेऱ्या जास्तीच्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी हजर. पुढे टेंपल यांच्या हाताखालून चाळीस ऑलिंपिक खेळाडू निघाल्या. माझं मत विचाराल तर विल्माच्या प्रत्येक गोष्टीत आईइतकीच जागा या माणसाला मिळायला पाहिजे.

पण टेंपल यांच्याकडे जायच्या आधी एक हार झाली आणि ती फार उपयोगी ठरली. शाळेत असताना ती अलाबामातल्या टस्कीगीला मोठ्या स्पर्धेसाठी गेली. गावात तिला कुणी हरवत नव्हतं, तिथे ती प्रत्येक शर्यत हरली. नुसत्या लांब पायांवर जिंकता येत नाही, सुटायचं कसं, हात कसे चालवायचे, शेवटी अंग सैल कसं ठेवायचं हे शिकावं लागतं, हे तिला तिथे कळलं. उन्हाळ्यात टेंपल यांच्या शिबिरात ती हेच शिकली.

१९५६ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती मेलबर्नच्या ऑलिंपिकला पोचली. दोनशे मीटरला पहिल्या टप्प्यांतच बाहेर पडली. चार गुणिले शंभर रिलेत मात्र मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज आणि इसाबेल डॅनियल्स यांच्याबरोबर ब्राँझ मिळालं. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या अठरा वर्षांच्या बेटी कथबर्टने तीन सुवर्णपदकं जिंकली आणि विल्माने ती स्वतः पाहिली. पदक घेऊन ती शाळेत परतली तेव्हा ते हातोहात फिरलं. सगळ्यांच्या बोटांचे डाग पडले. तिने ते घासून पाहिलं, पण ब्राँझ काही चकाकेना. पुढच्या वेळी सोनं आणायचं हे तिने तेव्हाच मनाशी ठरवलं. मला हा प्रसंग फार आवडतो. सोळा वर्षांची मुलगी पदक घासत बसली आहे, अगदी घरातलं तांब्या-पितळेचं भांडं घासावं तसं.

आता ते पान, जे आपल्याकडच्या भाषणांतून हमखास गळतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी, १९५८ मध्ये, विल्माला दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. मुलाचं नाव रॉबर्ट, तिच्याच शाळेतला खेळाडू. गरोदर असतानाच तिने शाळा संपवली आणि त्याच उन्हाळ्यात तिला मुलगी झाली, योलांडा. वय अठरा.

माझ्या आजूबाजूला असं झालं असतं तर काय झालं असतं, हे वाचणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. गल्लीत काय बोललं गेलं असतं, चर्चच्या पायऱ्यांवर काय कुजबुजलं गेलं असतं, शिक्षण तर सुटलंच असतं. विल्माच्या घरीही हे सोपं नव्हतं. वडिलांनी रॉबर्टला भेटायला बंदी केली. पण मुलीला त्यांनी घराबाहेर काढलं नाही आणि तिची लाज वाटते असंही दाखवलं नाही. टेंपल यांचा नियम होता की आई झालेल्या मुली संघात घ्यायच्या नाहीत. त्यांनी विल्मासाठी तो नियम बाजूला ठेवला. बाळाला आधी सेंट लुइसला बहिणीने सांभाळलं, मग आईवडिलांनी क्लार्क्सव्हिलला आणलं. विल्मा टेनेसी स्टेटमध्ये दाखल झाली. पुन्हा एकदा सगळ्या घराने पाळ्या लावल्या होत्या, या वेळी बाळासाठी. रोमला ती धावली तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती.

वक्त्यांनी हे का सांगू नये? शाळकरी मुलांसमोर अवघड वाटत असेल, हे समजतं. पण मग गोष्ट अशी होते की पाय बरा झाला आणि पुढे सगळं सरळ. पायाच्या वेळी तिच्याकडे आई होती. अठराव्या वर्षी तिला आई, बाबा, बहीण आणि प्रशिक्षक असे चौघे लागले. यातल्या एकाने जरी दार लावून घेतलं असतं, तर १९६० मध्ये रोमला दुसरीच कुणीतरी धावली असती.

रोम. सप्टेंबर १९६०. त्याच्या दोन महिने आधी तिने दोनशे मीटर २२.९ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला होता. तेवीस सेकंदांच्या आत पळणारी ती पहिली बाई. ती उंच होती, जवळजवळ सहा फूट, त्यामुळे सुटताना जरा मागे राहायची. पण एकदा पूर्ण उभी राहून तिची ढांग पडायला लागली की बाकीच्या जागच्या जागी पळताहेत असं दिसायचं. तेव्हाच्या चित्रफिती बघायला मिळतात, जरूर बघा. चेहऱ्यावर ताण नाही, मान सैल. शर्यतींच्या मधल्या वेळात ती चक्क डुलकी काढायची म्हणे. मला परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, म्हणून याचं जरा जास्तच कौतुक.

शंभर मीटरच्या आदल्या दिवशी सरावात तिचा पाय खड्ड्यात पडून घोटा मुरगळला. पट्टी बांधून ती उतरली. २ सप्टेंबरला उपांत्य फेरीत ११.३ सेकंद, म्हणजे जागतिक विक्रमाशी बरोबरी. त्याच दिवशी अंतिम फेरीत ११.० सेकंद. हा विक्रम धरला गेला नाही, कारण पाठीमागून वारा सेकंदाला पावणेतीन मीटरने वाहत होता आणि नियमाने दोन मीटरपर्यंतच चालतो. पण दुसरी आलेली ब्रिटनची डोरथी हायमन त्याच वाऱ्यात ११.३ ला पोचली. वारा सगळ्यांनाच सारखा होता. ५ सप्टेंबरला दोनशे मीटर, २४.० सेकंद, या वेळी समोरून वारा, तरी दुसरीपेक्षा चार दशांश सेकंद पुढे. बेटी कथबर्टही रोमला आली होती, पण दुखापतीने शंभर मीटरच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच बाहेर गेली.

आपल्याकडे रोम म्हटलं की मिल्खा सिंग आठवतात. ते याच मैदानावर दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, चारशे मीटरमध्ये एक दशांश सेकंदाने चौथे आले. आपल्या घराघरांत त्या एका दशांशाची हळहळ अजून आहे. त्याच आठवड्यात, त्याच लाल ट्रॅकवर ही बाई धावत होती हे मला फार उशिरा लक्षात आलं. आपल्याही मुली तोवर ऑलिंपिकला गेल्या होत्या. वांद्र्याची मेरी डिसोझा १९५२ मध्ये हेलसिंकीला शंभर आणि दोनशे मीटर पळली होती. तिच्याबद्दल आपण किती भाषणं ऐकली आहेत, तेही आठवून बघा.

तिसरं पदक रिलेचं, ८ सप्टेंबरचं. मार्था हडसन, बार्बरा जोन्स, ल्युसिंडा विल्यम्स आणि शेवटी विल्मा. चौघीही टेनेसी स्टेटच्या, टेंपल यांच्या. उपांत्य फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत ल्युसिंडाकडून दांडी घेताना विल्माचा हात चुकला. दांडी पडायची वाचली, पण ती जवळजवळ थांबली आणि जर्मनीची युटा हाइने पुढे गेली. विल्माने तिला गाठलं आणि मागे टाकलं. ४४.५ सेकंद. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्यात तीन सुवर्णपदकं जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री.

त्या वर्षी ऑलिंपिकची चित्रफीत विमानाने न्यूयॉर्कला नेऊन रोज अमेरिकन टीव्हीवर दाखवत होते. म्हणजे ज्या घरांत काळ्या बाईला मागच्या दारानेच यावं लागायचं, त्या घरांच्या दिवाणखान्यांत विल्मा रोज संध्याकाळी धावत होती. युरोपात तर वेडच लागलं होतं. इटालियन वर्तमानपत्रं तिला काळी हरिणी म्हणायची. जर्मनीत कलोनला गर्दी आवरायला घोडेस्वार पोलीस आणावे लागले.

मग ती घरी आली, आणि माझ्या मते तिची सगळ्यात मोठी शर्यत इथे आहे. क्लार्क्सव्हिलने मिरवणूक आणि मेजवानी ठरवली. टेनेसीचे गव्हर्नर बफर्ड एलिंग्टन, गोरे-काळे वेगळे राहावेत या मताचे, स्वागताला पुढे होते. रिवाजाप्रमाणे गोऱ्यांची जागा वेगळी आणि काळ्यांची वेगळी असणार होती. विल्माने कळवलं की असं असेल तर मी येणार नाही. वीस वर्षांची मुलगी, आई लोकांच्या घरी काम करणारी, आणि समोर अख्खं गाव नि राज्याचा गव्हर्नर. शेवटी गाव नमलं. ४ ऑक्टोबर १९६० ला क्लार्क्सव्हिलच्या इतिहासात पहिल्यांदा गोरे आणि काळे एका मिरवणुकीत चालले आणि रात्री एका सभागृहात जेवायला बसले. सुमारे अकराशे लोक होते.

आपण ज्या गावात वाढलो त्याच गावाला असं सांगणं किती कठीण असतं, हे शहरातल्या माणसाला कदाचित कळणार नाही. परक्या मैदानावर पळताना समोर अनोळखी लोक असतात. इथे दुकानदार, शेजारी, आईच्या मालकिणी, सगळे ओळखीचे.

यानंतर तिने जेमतेम दोन वर्षं स्पर्धा खेळल्या. १९६१ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला शंभर मीटर ११.२ सेकंदांत पळून तिने जागतिक विक्रम केला. १९६२ मध्ये अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ या सामन्यात शंभर मीटर आणि रिले जिंकली आणि थांबली. वय बावीस. कारण अगदी व्यवहारी होतं. १९६४ मध्ये टोकियोला तीनपेक्षा कमी पदकं मिळाली तर लोक त्याला घसरण म्हणतील, हे तिला दिसत होतं. शिवाय तेव्हाच्या हौशी खेळाडूंच्या नियमांमुळे धावण्यातून एक पैसाही मिळवता येत नव्हता. तीन सुवर्णपदकं घरात, आणि घर चालवायचं कशावर?

१९६३ मध्ये तिने शिक्षणशास्त्रात पदवी घेतली. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने तिला देशाची सदिच्छा दूत म्हणून पश्चिम आफ्रिकेला पाठवलं. सेनेगलची राजधानी डाकार इथे मैत्री क्रीडास्पर्धा होत्या, तिथे तिचा मोठा मान झाला. ती परत आली आणि मे महिन्यात आपल्याच गावच्या एका रेस्टॉरंटसमोर उभी राहिली, कारण तिथे काळ्यांना आत घेत नव्हते. परदेशात देशाचा चेहरा, आणि घरी कॉफी प्यायला दार बंद! तरुण मुलांबरोबर तिने निदर्शनं केली. थोड्याच दिवसांत गावच्या महापौरांनी रेस्टॉरंट सगळ्यांना खुली होतील असं जाहीर केलं. या प्रसंगाचा उल्लेख मी आजवर एकाही भाषणात ऐकलेला नाही.

पुढचं आयुष्य मात्र विखुरलेलं आहे. पहिलं लग्न १९६१ मध्ये झालं आणि दोन वर्षांत मोडलं. मग १९६३ मध्ये तिने रॉबर्टशी, योलांडाच्या वडिलांशी, लग्न केलं. एकूण चार मुलं झाली. पुढे हेही लग्न टिकलं नाही. क्लिंटन ग्रे अपघातात गेल्यावर तिने आपल्याच शाळेत मुलींना धावायला शिकवलं, आणि सकाळी प्राथमिक शाळेत लहान मुलांना. नंतर इंडियाना, मेन, डेट्रॉइट, कॅलिफोर्निया. कधी समाजकेंद्रात, कधी सरकारी योजनेत, कधी शाळेत. कुठेच फार काळ जम बसला नाही आणि पैशाची ओढाताण राहिली. १९७७ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं आणि त्यावर टीव्हीसाठी चित्रपट निघाला. १९८१ मध्ये तिने गरीब वस्त्यांतल्या मुलांना मोफत खेळ शिकवणारी एक संस्था काढली आणि उरलेलं आयुष्य बरंचसं त्यात घातलं.

टेंपल यांच्याकडे मुली येतच राहिल्या. जॉर्जियातून आलेली वायोमिया टायस ही त्यांतलीच एक. टोकियोला, विल्मा नसताना, तिने शंभर मीटरमध्ये ११.२ सेकंद पळून विल्माच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि सुवर्णपदक घेतलं. चार वर्षांनी मेक्सिकोला पुन्हा तेच पदक जिंकलं. असं लागोपाठ दोनदा करणारी ती पहिलीच, बाई किंवा पुरुष.

१९९४ मध्ये ब्लांशबाई वारल्या. त्याच वर्षी विल्माला मेंदूचा कर्करोग असल्याचं कळलं आणि १२ नोव्हेंबर १९९४ ला, चोपन्नाव्या वर्षी, टेनेसीतच तिचं निधन झालं. क्लार्क्सव्हिलमधल्या एका मोठ्या रस्त्याला आता तिचं नाव आहे. गावात तिचा ब्राँझचा पुतळाही आहे, धावण्याच्या पोषाखातला.